मडगार्डखालची जागा

चाकाशेजारी बसा. खुर्ची नको. पाट घ्या किंवा बादली उपडी घाला, म्हणजे नजर टायरच्या माथ्याच्या पातळीला येईल. समोर घरी बांधलेला कॅम्पर ट्रेलर आहे. चौकोनी नळ्यांची चासी, तिच्याखाली पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसवलेला एक आडवा अ‍ॅक्सल, त्याच्या दोन टोकांना दोन चाकं. पेटीला अजून रंग लागलेला नाही. मडगार्डचा पत्रा वाकवून तयार आहे, पण जोडलेला नाही. लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर तो नुसता टेकवून ठेवला आहे. तो किती उंचीवर बसवायचा, पुढे-मागे किती सरकवायचा, हे आज ठरवायचं आहे.

तुमच्यापाशी असा ट्रेलर नसेल तर मनात उभा करा. हा ट्रेलर ऑस्ट्रेलियात आहे, अ‍ॅडलेडच्या एका घरामागच्या शेडमध्ये. हिवाळ्यात त्याला मारीहून बर्ड्सव्हिलला जायचं आहे. पाचशेहून अधिक किलोमीटरचा कच्चा रस्ता, स्टर्टच्या दगडी वाळवंटातून जाणारा. तिथले दगड वाऱ्यावाळूने घासून चकचकीत झालेले असतात आणि टायर फाडतात. या शेडमध्ये मात्र जमीन सिमेंटची आहे, सपाट आहे, आणि चाक स्वस्थ उभं आहे.

टायर आणि पत्रा यांच्यामधून पलीकडची भिंत दिसते आहे. त्या फटीकडे बघा. पत्रा सुबक वाकला आहे, त्याचं कौतुक नंतर करता येईल. टायर नवा आहे, त्याच्या खाचा खोल आहेत, तेही थोडा वेळ बाजूला ठेवा. या दोघांमध्ये जी जागा उरली आहे तिच्यावर नजर ठेवा आणि एक-दोन मिनिटं काहीच ठरवू नका. टेप खिशातच राहू द्या.

मनात पहिला विचार बहुधा हाच येतो, की ही फट फारच मोठी दिसते. ठोकळे थोडे बुटके असते तर बरं झालं असतं. शहरातल्या गाड्यांचे टायर पत्र्याला चिकटून बसलेले पाहून आपल्या डोळ्यांना तेच देखणं वाटायला लागलं आहे. हा विचार येऊ द्या, त्याच्याशी वाद घालू नका, पण त्याचं ऐकूनही पत्रा खाली आणू नका.

आता टायरच्या कडेवरचे आकडे वाचा, सावकाश. 235/85आर16. टायर 235 मिलिमीटर रुंद. त्याची बाजूची भिंत त्या रुंदीच्या 85 टक्के, म्हणजे जवळजवळ 200 मिलिमीटर उंच. मधली रिम 16 इंचांची, म्हणजे 406 मिलिमीटर. वरची भिंत, रिम, खालची भिंत, अशी बेरीज केली की 806 मिलिमीटर होतात. हा झाला कागदावरचा टायर. वजनाखाली तो तळाशी दबतो, म्हणून त्याचा माथा जमिनीपासून साधारण 780 वर दिसेल. टायर झिजेल तसा तो आणखी खाली येईल. चिखलात चालणाऱ्या टायरच्या नव्या खाचा दहा मिलिमीटरहून जास्त खोल असतात आणि पुढच्या काही वर्षांत त्यातल्या बऱ्याचशा जातात. म्हणून मोजमाप करायचं ते नव्या टायरवर, पूर्ण हवा भरून. जुन्या टायरवर बेतून बसवलेलं मडगार्ड नवा टायर घातल्या दिवशी लहान पडतं.

हेच टायर ओढणाऱ्या गाडीलाही आहेत, रिमही त्याच आहेत. त्यामुळे जादा चाक दोघांना चालतं, आणि ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकोरीतूनच चालतात. वाळूत याचा फार उपयोग होतो. पण त्यासाठी ट्रेलरची दोन चाकं गाडीइतकीच लांब-लांब बसवावी लागतात, मग मडगार्ड पेटीच्या बाहेर येतं, आणि तिथे कायदा आड येतो. ऑस्ट्रेलियात घरी बांधलेल्या ट्रेलरलाही एकूण रुंदी अडीच मीटरच्या आत ठेवावी लागते आणि चाकांवर मडगार्ड हवंच. तेव्हा ही फट बाहेरच्या अंगाला मन मानेल तेवढी वाढवता येत नाही. आतल्या अंगाला पेटीची भिंत आहे. मोकळं आहे ते फक्त वर, आणि थोडंफार पुढे-मागे.

आता चाक मनात फिरू द्या. ट्रेलर तुमच्या डाव्या हाताला चालला आहे असं धरा. वेग ताशी 80 किलोमीटर. एका फेऱ्यात हे चाक सुमारे अडीच मीटर जातं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ नऊ फेरे. टायरचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी जमिनीपुरता स्थिर असतो. माथा मात्र जमिनीच्या मानाने ताशी 160 किलोमीटरने पुढे धावतो. तुमच्या नजरेसमोरच्या फटीत, पत्र्याखालून, टायरचा पृष्ठभाग मागून पुढे चालला आहे, सेकंदाला बावीस मीटर. हे नीट मनात धरा: मागून पुढे. टायरला चिकटलेली प्रत्येक गोष्ट या फटीत मागच्या तोंडाने शिरते आणि पुढच्या तोंडाने बाहेर पडते. पुढे हे लागणार आहे.

आता चाक वर येऊ द्या.

शेडमध्ये हे खरोखर करून बघता येतं, आणि करून बघावंच. चासी भक्कम लोखंडी स्टँडवर चढवा. स्प्रिंगचे बाकीचे पाटे काढून ठेवा, फक्त मुख्य पाटा राहू द्या. सगळे पाटे असताना साध्या जॅकने स्प्रिंग पुरती दाबली जात नाही, चासीच उचलली जाते. एकच पाटा राहिला की जॅक अ‍ॅक्सलला सहज वर नेतो. हळूहळू दांडा मारा आणि फट आवळत जाताना बघा. एका ठिकाणी अ‍ॅक्सल चासीखालच्या रबरी ठोकळ्याला जाऊन टेकेल. तिथे थांबा.

चाकाची वरची हद्द ही. मडगार्डची उंची इथून मोजायची. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा असताना कितीही काळजीपूर्वक टेप लावली तरी ते माप भरवशाचं नाही, कारण ट्रेलर रिकामा असेल तर वर उचललेला असतो, भरला की बसतो, आणि पाटे जुने झाले की आणखी बसतो. रबरी ठोकळा मात्र आपली जागा सोडत नाही. म्हणून मोजायला सुरुवात सगळ्यात वाईट क्षणापासून करावी आणि तिथून खाली यावं. या कामातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, आणि शेडमधल्या शांत चाकाकडे बघत बसलं की नेमकं तेच विसरायला होतं.

रबरही दबतं. खड्ड्यातून आदळताना ठोकळा वीसेक मिलिमीटर चेपला जाईल असं धरा. त्यावर दगड आणि चिखल यांच्यासाठी पन्नास मिलिमीटर. ट्रेलर भरलेला असताना अ‍ॅक्सल आणि ठोकळा यांच्यात ऐंशी मिलिमीटर असतील, तर उभ्या ट्रेलरच्या टायरवर दीडशे मिलिमीटरची फट पडते. दीडशे मिलिमीटर म्हणजे जवळजवळ सहा इंच. मघाशी मोठी वाटली होती ती फट कदाचित एवढीच असेल.

स्प्रिंग दबून सरळ होते तशी ती लांबही होते. तिचं पुढचं टोक खिळलेलं आहे आणि मागचं शॅकलवर झुलतं, म्हणून वाढलेली लांबी मागे जाते आणि अ‍ॅक्सलही थोडा मागे सरकतो. मीटरभर लांबीच्या, शंभर मिलिमीटर कमान असलेल्या स्प्रिंगेत अ‍ॅक्सल दहा-पंधरा मिलिमीटर मागे जातो. रबरी टॉर्शन अ‍ॅक्सल असेल तर चाक एका छोट्या हातावर वर्तुळात फिरतं, तिथेही माथा सरळ रेषेत चढत नाही. म्हणून उभ्या चाकाच्या बरोब्बर मधोमध बसवलेलं मडगार्ड वर आलेल्या चाकाला मधोमध राहत नाही.

आता एकच चाक वर न्या. दुसरं खाली लोंबू द्या. इथे जरा जास्त वेळ थांबू, कारण घाईच्या मोजमापात हे हमखास सुटतं.

अ‍ॅक्सल एकसंध आहे. उजवं चाक दगडावर चढलं आणि डावं खळग्यात गेलं की अ‍ॅक्सल तिरपा होतो, आणि चाकं त्याच्याशी काटकोनात असल्यामुळे तीही तिरपी होतात. वर गेलेल्या चाकाचा माथा पेटीकडे झुकतो. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर आणि त्यांच्या उंचीत शंभर मिलिमीटरचा फरक असेल तर तिरपेपणा चार अंशांहून थोडा कमी येतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण टायरची त्रिज्या चारशे मिलिमीटर आहे, आणि तेवढ्या तिरपेपणात माथा सव्वीस-सत्तावीस मिलिमीटर आत सरकतो. पेटीची भिंत टायरपासून चाळीस मिलिमीटरवर ठेवली असेल तर आता चौदा उरले. त्यात पाटे कडेच्या रेट्याने थोडे वाकतात, शॅकलच्या बुशमध्ये थोडी ढिलाई असते. चौदाचे दहा होतात, आठ होतात.

त्या आठ मिलिमीटरच्या जागेत हात घाला, जॅक तसाच ठेवून. बोटं आत जात नाहीत, फक्त करंगळीचं टोक जेमतेम जातं. भिंत चाचपा. मडगार्ड पेटीला धरणारे बोल्ट कुठे येणार आहेत? त्यांची टोकं टायरकडे आली तर ती टायरच्या भिंतीला, म्हणजे त्याच्या सगळ्यात नाजूक जागेला, भोसकायला टपलेली असतील. ते उलटे घालायचे हे आताच ठरवा: गोल डोकं टायरच्या बाजूला, नट पलीकडे. मडगार्डच्या खालच्या कडेवरूनही बोट फिरवा. कापलेला पत्रा ग्राइंडरने गुळगुळीत केला असला तरी त्याची कड आत वळवून गोल केलेली बरी.

कणिक मळलेली असेल तर लिंबाएवढे चार-पाच गोळे आणा. मडगार्डच्या आतून माथ्यावर, पुढे, मागे आणि पेटीच्या भिंतीवर ते चिकटवा. पाटे पुन्हा बसवा, यू-बोल्ट आवळा, मडगार्ड क्लॅम्पने पेटीला तात्पुरतं धरा, पेटीत वजन भरा आणि ट्रेलर अंगणातून गल्लीतल्या गतिरोधकावरून, मग एखाद्या खडबडीत उतारावरून नेऊन आणा. परत आल्यावर गोळे काढून हातात घ्या. ज्या गोळ्यावर टायरच्या खाचांचा ठसा उमटला असेल त्याची जाडी टेपने मोजा. तिथे तेवढीच जागा उरली होती. हिशोबापेक्षा ती कमी भरली तर कणकेचं खरं माना.

शेड सोडून आता मनाने रस्त्यावर चला. कच्च्या रस्त्यावर आडव्या लाटा पडलेल्या असतात, कपडे धुण्याच्या फळीवर असतात तशा. मोकळी माती आणि तिच्यावरून वेगाने जाणारी चाकं, एवढं पुरतं. निकोलस टाबर्ले, स्टीफन मॉरिस आणि जिम मॅकएल्वेन यांनी 2007 साली प्रयोग करून दाखवलं की एका ठरावीक वेगापुढे साधं चाक, त्याला स्प्रिंग नसली तरी, कोरड्या वाळूत अशा लाटा उठवतं. म्हणजे रस्ता कुणी वाईट बांधला म्हणून त्या येतात असं नाही, रहदारी असेल तिथे त्या येणारच. दोन लाटांमध्ये पाऊण मीटर धरलं तर ताशी 80 च्या वेगाला चाकावर सेकंदाला तीसेक ठोके बसतात, तासन् तास. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधलं तेल तापतं, पातळ होतं, आणि दुपारपर्यंत तो जवळपास निकामी होऊन बसतो. मग स्प्रिंगची उसळी रोखायला कुणी राहत नाही आणि अ‍ॅक्सल पुन्हा पुन्हा रबरी ठोकळ्यावर आदळतो. फट ठरवताना शॉक अ‍ॅब्सॉर्बर धडधाकट आहे असं धरू नका. तो दमलेला आहे असंच धरा.

पत्र्यालाही हे ठोके बसतात. मडगार्ड पेटीला चारी बाजूंनी वेल्डिंग करून पक्कं केलं तर टाक्याच्या कडेला, बहुतेक कोपऱ्यात, तडा जातो. अॅल्युमिनियममध्ये लवकर, पोलादात उशिरा. मी तीन मिलिमीटरचा पोलादी पत्रा घेईन, कोपरे गोलाकार ठेवीन आणि बोल्टवर बसवीन. बोल्टवरचं मडगार्ड वाटेत काढता येतं, हा मोठा गुण आहे.

आता पाऊस. इथेही सावकाश.

क्वीन्सलंडमधल्या डार्लिंग डाउन्स पठारावर काळी माती आहे. बसाल्ट खडक झिजून झालेली, ओली झाली की फुगणारी, वाळली की भेगाळणारी. दख्खनची काळीही बसाल्टचीच आणि याच जातीची. तेव्हा ही माती काय करते हे मराठवाड्या-विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. पहिल्या पावसात शेतातून दहा पावलं चाललं की चपलेखाली शेराचं ओझं होतं. बैलगाडी थांबवून काठीने चाकाचा चिखल सोलणारे लोक तिथे आहेत, आणि त्या चाकावर मडगार्ड तरी नसतं. बर्ड्सव्हिलच्या वाटेवरही चिकणमातीचे सपाट पट्टे लागतात. पाऊस पडला की ती वाट सरकारी हुकमाने बंद होते, आणि बंद वाटेवर गाडी घालू नये हे खरंच. पण पाऊस कधीकधी आपण मधे असतानाच येतो.

टायर चिखल उचलतो. मघाशी बघितलंत तसा तो मागच्या तोंडाने फटीत शिरतो आणि पुढे ढकलला जातो. फट मागे रुंद आणि पुढे चिंचोळी असेल तर चिखल पुढे जाता जाता ठासला जातो. ठासलेला चिखल टायरला घासतो, घासून तापतो, कडेने वाळतो, त्यावर नवा थर बसतो. होता होता चाक फिरायचं थांबतं आणि नुसतं फरफटत जातं, आणि ओढणाऱ्या गाडीला वाटतं चढ लागला. उलट फट मागे किंचित आवळलेली आणि पुढे मोकळी होत गेलेली असेल, तर आत शिरलेला चिखल पुढे जाताना सैल होतो आणि बाहेर पडतो. म्हणून चाक रबरी ठोकळ्याला टेकवून, म्हणजे ते मागे सरकलेलं असतानाच, मडगार्ड असं बसवा की मागच्या अंगाला फट पन्नास मिलिमीटर राहील आणि पुढच्या अंगाला सत्तर-ऐंशी. टायरची गोलाई हुबेहूब उतरवणारं मडगार्ड दिसायला छान असतं, पण या रस्त्यासाठी मला सपाट माथ्याचं आणि पुढे-मागे उतरते पंख असलेलं आवडतं. वरच्या दोन कोपऱ्यांत आपोआप जास्त जागा मिळते. त्याला चेकर्ड प्लेट वापरली की त्यावर उभं राहून वरचं सामान बांधता येतं.

आणखी एक प्रसंग मनात आणा: मोडतोडीचा. पाट्यांच्या मधोमध एक बोल्ट असतो, तो त्यांना एकत्र धरतो आणि अ‍ॅक्सलची जागा पक्की करतो. अखंड धक्क्यांनी तो कधी तुटतो. मग अ‍ॅक्सल पाट्यांवर मागे घसरतो आणि टायर मडगार्डच्या मागच्या कडेला जाऊन भिडतो. किंवा मुख्य पाटाच तुटतो, पेटी एका अंगाला बसते आणि चाक मडगार्डच्या आत कोंडलं जातं. अशा वेळी चाक काढावं लागतं. मडगार्डची बाहेरची झालर खाली टायरच्या निम्म्यापर्यंत आली असेल तर चाक निघणार नाही, बाहेर ओढता ओढता ते झालरीला अडेल. ही तालीम शेडमध्येच करा: अ‍ॅक्सल पूर्ण वर असताना, ठोकळ्याला टेकलेला असताना, चाकाचे नट काढा आणि चाक बाहेर येतं का बघा. येत नसेल तर झालर कापा.

या बर्ड्सव्हिलच्या वाटेवर टॉम क्रूझ नावाचे टपालवाले 1936 पासून ट्रकने डाक पोचवत असत. वाळूच्या टेकड्या, कूपर क्रीक नदीचे पूर, वाटेत मोडलेले भाग तिथेच दुरुस्त करणं, हे त्यांचं रोजचं काम होतं. 1954 च्या ‘द बॅक ऑफ बियाँड’ या माहितीपटात ते दिसतात, आणि त्यांचा लेलँड बॅजर ट्रक आता दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बर्डवुडच्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयात आहे. तो बघायला मिळाला तर चाकांजवळ जाऊन थांबा आणि हात घालायला किती जागा आहे ते बघा.

पुन्हा आपल्या चाकाजवळ या. फटीला किंमत पडते, तीही बघून घ्या. टायरचा माथा 780 वर, त्यावर दीडशे, म्हणजे मडगार्डचा माथा जमिनीपासून 930 मिलिमीटर उंच. स्वयंपाकाच्या ओट्याहून थोडा उंचच. पेटीच्या त्या बाजूला बाहेर ओढायचा शेगडीचा खण ठेवणार असाल तर तो मडगार्डला अडेल, त्याला पुढे किंवा मागे न्यावं लागेल. पेटी वर उचलून हा प्रश्न सोडवायचा मोह होतो. पण पेटी वर गेली की वजन वर जातं आणि आडव्या उतारावर ट्रेलर कलंडायची भीती वाढते. माझं म्हणणं, खण हलवा, पेटी तिथेच राहू द्या, आणि फट कमी करू नका. रबरी ठोकळा जाड करून चाकाची वाट आखूड करणं हा तिसरा मार्ग आहे. तोही वाईट नाही, फक्त मग तीच आदळआपट चासीला सोसावी लागते, तेव्हा ठोकळ्यावरच्या नळीला आतून जाड पट्टी लावा.

आता उठा. टेप काढा, खडूने पत्र्यावर खूण करा, भोकं पाडा. भोकं थोडी लांबट ठेवा, म्हणजे मडगार्ड पुढे-मागे सरकवता येईल. बोल्ट हाताने आवळा, पान्याने अजून नको.

मग ट्रेलरच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा बसा आणि हे सगळं पहिल्यापासून करा. घरी बांधलेल्या चासीच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी कुठेतरी दोन-तीन मिलिमीटर ओढली गेलेली असतेच. एका बाजूची मापं दुसरीकडे उतरवू नका. पाण्याची टाकी, बॅटरी आणि गॅसचा सिलिंडर ज्या अंगाला बसणार असतील ती बाजू जास्त दबेल, म्हणून टाकी काठोकाठ भरा, बॅटरी आणि सिलिंडर जागेवर ठेवा, आणि पान्याने बोल्ट पक्के करायच्या आधी दोन्ही चाकांवरची फट एकदा मोजून वहीत लिहून ठेवा.